गोष्ट खरी, पण कार्डाच्या कडा पाहा

बोबो न्यूसमची गोष्ट खरी आहे, हे आधीच सांगतो. माणूस खोट्या गोष्टीपेक्षा खऱ्या गोष्टीनं जास्त फसतो.

साउथ कॅरोलायनातल्या हार्ट्सव्हिलचा हा बेसबॉल पिचर. 1929 ते 1953 या काळात नऊ संघांकडून खेळला. एकट्या वॉशिंग्टननं त्याला पाचदा घेतलं आणि पाचदा सोडलं. आयपीएलमध्ये दर हंगामात नव्या जर्सीत दिसणारा गोलंदाज असतो ना, तसा. नावावर 211 विजय आणि 222 पराभव. 1936च्या पहिल्याच सामन्यात, अध्यक्ष रूझवेल्ट बघायला आलेले असताना, स्वतःच्याच संघातल्या खेळाडूचा थ्रो जबड्यावर बसला. जबडा मोडला, तरी सामना पूर्ण करून त्यानं 1-0 असा जिंकला. 1940च्या वर्ल्ड सिरीजमधला पहिला सामना त्यानं वडिलांसमोर जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. तरीही पाचव्या सामन्यात त्यानं समोरच्यांना एकही रन करू दिली नाही. सातवा मात्र 2-1 असा हरला.

न्यू जर्सीत जुन्या बेसबॉल कार्डांच्या एका शोमध्ये विक्रेत्यानं हे सगळं मला रंगवून सांगितलं आणि टॉप्स कंपनीचं 1953 सालचं न्यूसमचं कार्ड पुढे केलं. चारही कोपरे सुईसारखे. किंमत मात्र एखाद्या ताऱ्याला शोभेल अशी.

इथे नवख्याला कोडं पडतं: एवढ्या साध्या खेळाडूच्या कार्डात कोण कशाला फेरफार करील? पण अशी कार्डं पोरांनी रबरबँडात बांधून वापरली, कोणी जपली नाहीत. आता पूर्ण संच उत्तम अवस्थेत जमवणारे एका टोकदार कोपऱ्यासाठी पैसे ओततात. म्हणून झिजलेली कड छाटून कोपरे टोकदार करायला कात्री चालते.

मी टेबलावरच्या स्वस्त खोक्यातलं त्याच वर्षाचं एक मळकं कार्ड उचललं आणि याला खेटून उभं धरलं. न्यूसम केसभर बुटका. “तेव्हा कारखान्यात कटिंग पुढेमागे व्हायचं,” विक्रेता म्हणाला. तेही खरं आहे, म्हणून नुसत्या मापावर थांबू नये. भिंगातून कड बघावी: जुन्या कटिंगच्या कडेला कागदाचे बारीक तंतू दिसतात, नव्या पात्याची कड गुळगुळीत आणि ताजी दिसते. या कार्डांवर नावाची रंगीत पट्टी थेट कडेपर्यंत जाते आणि तिथला रंग हमखास उडतो. सत्तर वर्षांनंतरही तो सलग असेल तर मार्करची शाई शोधा. मी कार्ड परत ठेवलं. पुढे ते माझ्या ओळखीच्या एकानं घेतलं आणि ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवलं. कड छाटलेली असल्याचा शेरा घेऊन, ग्रेड न लागता ते परत आलं. तोवर विक्रेता ओळखही दाखवेना.

मूळ कार्ड 2⅝ बाय 3¾ इंच. 1991मध्ये टॉप्सनंच या संचाची नवी आवृत्ती काढली, ती 2½ बाय 3½ इंचांची आणि चकचकीत. फ्रेममध्ये घालून ती मूळ म्हणून पुढे केली तर फ्रेम उघडायला लावा. विक्रेता कां-कूं करत असेल तर पुढच्या टेबलाकडे वळा. महाग कार्ड घेताना ‘फेरफार निघाल्यास परत’ एवढं पावतीवर लिहून घ्या, आणि खाली सही त्याची असू द्या.