आईची वही उघड

अगं, आई गेल्यापासून एक ओळ सुचत नाही म्हणून तू स्वतःला किती कोसतेस! इतक्यात सुचणार नाहीच. आणि सुचायलाच हवं, असं कुणी सांगितलंय तुला?

रायपुरातल्या बूढा तालाबाजवळच्या सप्रे शाळेवरून नेहमी जातेस ना, त्या माधवराव सप्र्यांचं सांगते. आपल्यासारखेच मराठी घरातले. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, हिंदीत कथा लिहिल्या, नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवला. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले, घरच्यांच्या दबावापुढे माफी लिहून दिली आणि सुटले. ती माफी त्यांच्या मनाला फार लागली. माणसांपासून दूर होऊन ते गुरूंजवळ जाऊन राहिले, मधुकरी मागून जेवले. त्यांचं दुःख कुणाच्या जाण्याचं नव्हतं, पण गेलेलं परत मिळणार नव्हतंच. अशा दिवसांत त्यांनी दासबोध हाती घेतला आणि तो हिंदीत आणला.

मला यातलं फार पटतं ते हे, की आपला आवाज बसलेला असताना दुसऱ्याचे शब्द हाती घेता येतात. रोज बसायला काम मिळतं. एकेका शब्दाशी अडतो आपण, आणि तेवढा वेळ जीव थाऱ्यावर असतो. पुढे त्यांनी रायपुरात मुलींसाठी शाळा काढली, टिळकांचं ‘गीतारहस्य’ही हिंदीत केलं. स्वतःला सावरायला धरलेलं काम किती घरांत पोचलं बघ!

तुझ्याकडे आईची भुलाबाईच्या गाण्यांची वही आहे. टिपऱ्यांची लय जिथे वाढवायची, तिथे तिनं पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्यात, आणि खिरापतींच्या यादीवर हळदीचं बोट उमटलंय. भाच्या ती गाणी वाचतात, पण सासर-माहेरच्या त्या बारीक खोड्या त्यांना लागत नाहीत. तू ती हिंदीत कर. शेजारच्या छत्तीसगढी मुलींना तर हे परकं वाटणारच नाही. दिवाळीच्या सुमारास त्या टोपलीत धान आणि मातीचा पोपट ठेवून त्याच्याभोवती सुआगीतं गातात. आपण मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे गातो. त्यांच्याही गाण्यांत बाईच्या मनातलंच असतं. एखादं त्यांच्याकडून शिकून घे, एखादं आपलं त्यांना दे.

लगेच कार्यक्रम, पुस्तक असलं काही डोक्यात घेऊ नकोस. लोक म्हणतील, मंडळात ठेवूया, व्हिडिओ करूया. थांब म्हणावं. आधी एक गाणं, फक्त तुझ्यासाठी. रडू आलं तर रड, वही मिटून ठेव, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड. मुलींना शिकवायचं ते तुझा गळा भरून न येता दोन कडवी म्हणता आली की. भरून आलाच, तरी त्या सांभाळून घेतील. मुलींना कळतं ते.

आणि झोप, जेवण तुटलं असेल तर सांग. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. ते वहीनं भागणारं नाही.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल. रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये. त्यातले दोन-तीन शब्द मलाही लागत नाहीत, मामींना फोन लावून विचारू.