अंबरनाथचा गाभारा साध्या पडद्यावर दाखवण्याची कृती

कल्याणजवळच्या अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारकालीन, इ.स. १०६० चे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचे आणि वरून आकाशाचा उजेड झेलायचा. बाहेर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स, आत जेमतेम काही लक्स. साध्या मॉनिटरचा पांढरा त्याच्या काळ्यापेक्षा साधारण हजारपट उजळ असतो. एवढ्यात सगळे बसवायचे, तर उजेड शेवटच्या टप्प्यावर आवळावा. आधी त्याला हात लावू नये.

साहित्य: मंदिराचे त्रिमितीय मॉडेल, ब्लेंडर (आवृत्ती ४.० किंवा नंतरची), मॉनिटर, मोबाइल.

कृती:

१. सूर्य, आकाश आणि समई यांच्या उजेडाचे प्रमाण प्रत्यक्षात असते तसेच ठेवा. कोरीवकाम दिसत नाही म्हणून गाभाऱ्यात खोटा दिवा लावू नका.

२. रेंडर ओपनईएक्सआर फाइलमध्ये साठवा. साध्या पीएनजीत पांढऱ्यापलीकडचे आकडे उरत नाहीत. इथे ते शाबूत राहतात.

३. मंडपातल्या एखाद्या खांबावर मध्यम उजेडाची जागा निवडा. प्रतिमेवर उजवे बटण दाबून धरले की खाली आकडे दिसतात. आकडा ०.०४५ असेल, तर एक्सपोजर २ करा. एक्सपोजर एकाने वाढले की उजेड दुप्पट होतो. म्हणजे खांब ०.१८ वर येतो. हा मधला करडा.

४. आता आवळा. राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेले साधे सूत्र असे: उजेडाला ‘एक अधिक उजेड’ने भागा. आकाशाचा १६ हा आकडा ०.९४ वर उतरतो, कोनाड्यातला ०.०२ जवळपास तसाच राहतो. अंधाराला धक्का लागत नाही, झळाळी तेवढी दबते. ब्लेंडरमध्ये ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ला ‘एजीएक्स’ निवडा. त्याचा वक्र वेगळा असला तरी काम हेच. ‘स्टँडर्ड’ मात्र १ च्या वरचे सारे छाटून टाकते.

५. समईची ज्योत पाहा. मध्यभागी पांढरट आणि कडेला पिवळी दिसली, तर जमले. सपाट पिवळा ठिपका दिसला, तर चौथी पायरी पुन्हा तपासा.

६. चित्र आधी खोलीत मॉनिटरवर पाहा, मग डोंबिवलीच्या फलाटावर भर दुपारी मोबाइलवर. तिथे नक्षी हरवत असेल, तर एक्सपोजर अर्ध्याने वाढवा. दिवे जसे आहेत तसेच राहू द्या.

गाभारा अंधाराच दिसायला हवा, पण त्या अंधारात छिन्नीची रेघ ओळखू आली पाहिजे. मूळ ईएक्सआर फाइल जपून ठेवा. पुढे जास्त उजळ पडदा हाती आला, तर त्याच फाइलवरून नवे चित्र काढता येईल.