न पाठवायचं पत्र

ऑगस्ट १९४२मध्ये मौलाना आझादांना अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवलं. तिथून ते मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही. एप्रिल १९४३मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. अखेरची भेट झाली नाही. ते दुःखही त्यांनी याच मित्राला लिहिलं. १९४६मध्ये ही पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ नावानं छापली गेली. ज्यांना रोजनिशी कोरडी वाटते, त्यांनी ही रीत धरावी.

साधी शंभरपानी वही घ्या. आधी मायना ठरवा. माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. ज्याच्यावर राग आहे त्यालाच लिहायला बसलं की भांडण कागदावर पुन्हा सुरू होतं. म्हणून मध्ये न बोलता ऐकून घेईल असं माणूस निवडा: थोरली बहीण, शाळेतल्या बाई, वारलेली आजीसुद्धा चालेल. ‘ती. आजीस सा. न.’ एवढं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप खरं येतं, कारण आजीपुढे आव आणता येत नाही.

सुरुवात थेट दुखऱ्या जागेपासून करू नका. आझाद पहाटेच्या चहाविषयी पानंच्या पानं लिहीत. तुम्हीही समोरचं लिहा: ऊन, भांड्यांचा आवाज, आज न गेलेलं जेवण. मग झालं काय ते सांगा, आणि त्या वेळी अंगात काय झालं तेही: छाती भरून आली, हात थरथरले. शुद्धलेखन बघू नका. खोडू नका.

पंधरा मिनिटांनी थांबा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस इतकाच वेळ लिहिलं होतं. त्यातल्या ज्यांनी मनातलं दुःख लिहिलं, त्यांचं मन लिहिल्यावर लगेच जास्त जड झालं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका. नंतर तोंड धुवा, अंगणात फेरी मारा.

असं रोज एक पत्र लिहा. चौथ्या दिवशी आधीची तिन्ही पत्रं वाचा. तीच तक्रार त्याच शब्दांत येत असेल, तर त्या दिवशी फक्त ‘असं का झालं असावं’ एवढंच लिहा.

घरात कुणी वाचेल अशी धास्ती असेल, तर पानं फाडून टाका. लिहिताना जीव नकोसा वाटू लागला, तर वही मिटा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.