घोळणा फुटतो तेव्हा

एप्रिलमधली दुपार. पनवेलच्या आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक चालू असताना एका मुलाचा घोळणा फुटला. आम्ही त्याला बाकावर आडवे केले, मान मागे टाकली. कोणी हुंगवायला कांदा आणायला धावला. थोड्या वेळाने त्याला रक्ताची उलटी झाली आणि आमची गाळण उडाली. मुलाला तपासून डॉक्टर मला म्हणाले, "सर, तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना?"

टोमणा रास्त होता. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, नुसते दिसेनासे होते. ते घशावाटे पोटात जाते, पोटाला मानवत नाही आणि उलटी होते.

आता थोडे गणित करा. हृदय आकुंचन पावताना रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर असतो. बसलेल्या माणसाचे नाक हृदयाच्या साधारण ३० सेंटिमीटर वर असते. पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड, म्हणजे रक्ताचा एवढा स्तंभ पाऱ्याच्या २३ मिलिमीटरइतका भरतो. नाकातला दाब तेवढ्याने उतरतो. आडवे केले की हा फायदा गेला! म्हणून रुग्णाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे.

दाबायचे कुठे? दोन्ही नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कीसेलबाख या जर्मन डॉक्टरचे नाव त्याला मिळाले आहे. कोरड्या हवेने तिथले अस्तर सुकते, खपली धरते आणि नख लागले की फुटते. बहुतेक घोळणे इथलेच. तेव्हा वरचे हाड नव्हे, खालचा मऊ भाग चिमटीत धरा. १२० मिलिमीटर दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १६३ ग्रॅम. बोटाखाली तीन चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर अर्ध्या किलोचा जोर पुरतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून पाहा, किती थोडा जोर लागतो ते कळेल. कठीण आहे तो धीर. घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटे चिमटी सोडायची नाही. मध्येच डोकावून पाहिले की धरू लागलेली गुठळी निसटते.

अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागलेला असला किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असला, तर चिमटी तशीच ठेवून दवाखाना गाठा. डॉक्टर रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाचा बोळा ठेवतात, सिल्व्हर नायट्रेटने जागा डागतात, नाहीतर नाकात पट्टी भरतात. वयस्कर माणसांत रक्त कधी कधी नाकाच्या पार मागून येते. तिथे आपली बोटे पोचत नाहीत.