आंधळी कालवड

सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत पसरलेल्या दुष्काळी मुलखाला माणदेश म्हणतात. खिलार जनावरांचा हा मुलूख. खिलार गाय दूध बेताचेच देते. तिच्या पोटी येणाऱ्या चपळ, काटक बैलांसाठी ती सांभाळली जाते. अशाच एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय व्याली आहे, अशी कल्पना करा.

कालवड, म्हणजे मादी वासरू, झाल्याचा घरात आनंद आहे. मात्र तिला आईची कास सापडत नाही. आजी तिचे तोंड सडाला लावून देतात, कारण पहिल्या एकदोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगांशी झगडण्याचे बळ वासराला त्यातूनच मिळते. पुढे काही दिवसांत कालवड गव्हाणीवर कपाळ आपटू लागते. तिच्या डोळ्यांसमोर दिवा धरला तरी बाहुल्या लहान होत नाहीत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळ्यांसमोर हात हलवल्यावर पापणी मिटणे हे वासरू जन्मानंतर काही दिवसांनी शिकते. म्हणून केवळ तेवढ्यावरून नवजात वासराला आंधळे ठरवू नये.

पशुवैद्य येतात व विचारतात, गाभणपणी गाईला काय घातले? उत्तर ठरलेलेच : वाळका कडबा. हिरव्या चाऱ्यातून जनावराला ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. वाळवून साठवलेल्या वैरणीत त्याचा अंश फार थोडा उरतो. त्याची तीव्र उणीव झाली, तर गर्भाच्या कवटीची हाडे नीट घडत नाहीत, दृष्टिमज्जातंतू ज्या नलिकेतून जातो ती अरुंद होते आणि तो चिरडला जातो. असे अंधत्व औषधाने बरे होत नाही. सर्व अंधत्व मात्र असे नसते. डोळा पांढुरका होऊन पाणी गळणे हे बहुधा संसर्गाचे लक्षण असते. मोठ्या वासराची दृष्टी एकाएकी गेली व ते भिंतीला डोके टेकवून उभे राहू लागले, तर ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या उणिवेची शंका घ्यावी लागते. वेळीच उपचार झाल्यास असे वासरू पुन्हा पाहू शकते. म्हणूनच आधी तपासणी, मग निर्णय.

घरातला मोठा मुलगा म्हणतो, “आजी, हिला कशाला पोसायची? वैरण पुरत नाही अन् बाजारात हिला कोणी विचारणार नाही.” त्याचे म्हणणे खोटे नाही. कालवड मोठी होऊन विण्यास चार वर्षे तरी लागतात. आजी एवढेच म्हणतात, “हिचे डोळे उपासानं गेलेत, बाबा. हिच्या पोटचा खोंड डोळस होईल.” पशुवैद्यही त्याला दुजोरा देतात, आहारामुळे आलेले अंधत्व पुढच्या पिढीत उतरत नाही.

आता शिकवणे सुरू होते. गाईगुरांचे कान तिखट असतात. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, गुरांना सुमारे ३५,००० पर्यंतचे. आजी गोठ्यात शिरण्याआधी खाकरतात, नावाने हाक मारतात आणि मगच खांद्यावर हात ठेवतात. तेथून मानेवर, शेवटी तोंडावर. न बोलता केलेल्या स्पर्शाने वासरू दचकते, लाथ झाडते आणि मग त्याला उगाच ‘मारके’ म्हटले जाते. आईच्या गळ्यात घंटा बांधली जाते. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती घालायची दोरी, कालवडीला आधी हुंगू दिली जाते. उंबऱ्यापाशी दर वेळी “थांब” हा एकच शब्द. पाण्याची घमेली, गव्हाण, खुंटा यांची जागा बदलायची नाही. दावे लांब ठेवायचे नाही, पायांत गुरफटते. परड्यातल्या विहिरीला कठडा नसतो. तेथे काट्यांची कुंपाटी घातली जाते.

महिनाभरात कालवड गोठा पाठ करते. घंटेमागून दारापर्यंत जाते, वळते, पाण्याशी थांबते. एके दुपारी मुलगा शेण काढताना घमेले हलवतो आणि खोरे वाटेवर ठेवून जातो. कालवड नेहमीच्या पावलांनी येते, खोऱ्याला अडखळते आणि गुडघ्यांवर कोसळते. पुढे दोन दिवस ती जागची हलत नाही. मुलाला कोणी रागावत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याच्या दारात खाकरल्याचा आवाज येतो. आजी तर अजून अंथरुणातच असतात.

त्या पावसाळ्यात बांधावर शेवरी लावली जाते. थोरली गाय पुन्हा गाभण राहते, तेव्हा कडब्यासोबत शेवरीचा पालाही तिच्या गव्हाणीत पडू लागतो.