हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं की घरचे सगळे एकच सांगतात, ‘आता पडून राहा.’ डिस्चार्जच्या कागदावर ‘जड काम टाळावे’ एवढीच ओळ असते. माझ्याही कागदावर तेवढीच होती. जड म्हणजे किती, हे त्यात नव्हतं.

मला त्रास झाला तो वजनाने नव्हे. वेदनाशामक गोळ्या आणि दिवसभर अंथरूण, त्यामुळे पोट साफ होईना. संडासात जोर लावावा लागला आणि टाक्यांपाशी अशी कळ आली की ऑपरेशनमध्ये आत बसवलेली जाळी सुटलीच असं वाटलं. सर्जननी तपासलं, जाळी जागेवर होती. त्यांनी कारण समजावलं. जाळीत आपलं मांस रुजायला काही आठवडे लागतात. तोवर पोटातून येणारा दाब सांभाळायचा. कुंथणं, जोराचा खोकला, श्वास कोंडून ओझं उचलणं, सगळ्यांत दाब तोच.

म्हणून भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घ्या. खोकला किंवा शिंक आली तर टाक्यांवर उशी दाबून धरा. अंथरुणातून सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपर आणि तळहात टेकवून अंग वर घ्या. याने किती फरक पडतो, ते पहिल्याच सकाळी कळतं.

चालणं मात्र बंद करू नका. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी धरून चालवतात, ते पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही. घरातल्या घरात थोडं थोडं, पण बऱ्याचदा चाला. जिनाही सावकाश चढायला हरकत नसते.

वजनाचं म्हणाल तर भरलेली बादली 15 ते 20 किलो भरते, भरलेला सिलेंडर 30 च्या आसपास. नातवंडाला उचलणं आणि स्कूटर मेन स्टँडवर चढवणं कुणी ओझ्यात धरत नाही, पण तीही त्यातच येतात. साधारण 4 ते 6 आठवडे हे सगळं टाळायला सांगतात; ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की चिरा देऊन, यावर मुदत बदलते, तेव्हा आपल्या सर्जनना आकडा विचारून घ्या. कपालभाती, नौकासन, सूर्यनमस्कार त्यांच्या परवानगीनंतरच. अचानक ब्रेक दाबताना दुखत असेल तोवर गाडी चालवू नका.

जांघेत निळसर डाग, थोडी सूज बहुतेकांना येते आणि ओसरते. पण ताप, जखमेतून पू, लघवी अडकणं किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. फुगवटा परत आला, तो कडक झाला आणि उलट्या होऊ लागल्या, तर मध्यरात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.