बंद घरातली इन्व्हर्टरची बॅटरी

परदेशी गेलेल्या कुटुंबाचे ठाण्यातले किंवा कल्याण-डोंबिवलीतले घर सहा-आठ महिने बंद राहिले, की इन्व्हर्टरची बॅटरी बसते. परदेशात स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने येणाऱ्यांना तिची व्यवस्था निघण्यापूर्वीच लावायला सांगतात. या पट्ट्यात इन्व्हर्टर रुजला तो भारनियमनाच्या वर्षांत, आणि त्याची गरज अजून संपलेली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा वाहिनी बंद पडली, तेव्हा मुंबईबरोबर ठाण्याचीही वीज गेली होती.

शिसे-आम्ल बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ती महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमधली डोंबिवलीची बंद खोली बॅटरीला परदेशातल्या हिवाळ्याहून अधिक घातक ठरते.

सर्वांत मोठी चूक घर सोडताना होते. सुरक्षेसाठी मेन स्विच बंद केला जातो, पण इन्व्हर्टर चालूच राहतो. वीज गेली असे समजून तो बॅटरीवर चालू लागतो आणि काही दिवसांत ती रिकामी करतो. दुसऱ्या टोकाला, मेन चालू ठेवून निघून जाणेही बरे नाही. बॅटरी भरलेली राहते, पण पाणी आटत जाते आणि लक्ष द्यायला घरात कोणी नसते.

योग्य क्रम असा: बॅटरी पूर्ण चार्ज करावी, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे, इन्व्हर्टर आणि त्याचा प्लग बंद करावा, मग आधी मायनसची आणि नंतर प्लसची वायर काढावी. टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिथे क्षार लवकर धरतात. चार-सहा तासांनी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले, की बॅटरी भरलेली समजावी. आकडा १२.४ वर येण्याआधी पुन्हा चार्जिंग हवे, म्हणजे दर दोन महिन्यांनी एकदा. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी असावी, जवळ देवाचा दिवा नसावा आणि काम संपेपर्यंत कोणीतरी घरात थांबावे.

परदेशातल्या गाडीच्या किंवा कॅरव्हॅनच्या बॅटरीला हेच नियम लागू पडतात. थंडीत ती सावकाश उतरते, पण पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठून फुटू शकते. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. उभ्या गाडीतली उपकरणे ५० मिलिअँपिअर खेचत असतील, तर महिन्यात ३६ अँपिअर-तास जातात. म्हणून मायनसची वायर काढावी किंवा मेंटेनर चार्जर लावावा. लिथियम बॅटरी मात्र अर्धी भरलेली ठेवावी आणि शून्याखाली कधीही चार्ज करू नये.

घराची चावी ज्या शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे असेल, त्यांना हा क्रम एकदा समोर करून दाखवावा आणि कागदावर लिहून इन्व्हर्टरजवळच चिकटवावा.